नवसाबाईचा डावा हात

मी सलिमा मणेरीण. नाशकात आणि आसपासच्या मळ्यांत बायकांना बांगड्या भरते. मखमलाबादच्या नवसाबाईचा गुलाबाचा मळा होता. काटे चुकवत फुलं तोडावीत तर तिनंच. चौतीस साली गुऱ्हाळात तिच्या सहा वर्षांच्या गोदीचा डावा हात चरकात सापडला. पोर वाचली, पण हात कोपरापासून कापावा लागला.

त्या दिवसापासून नवसाबाईचाही डावा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. शेजारणी म्हणाल्या, सोंग करते. त्यांच्या हातात बांगडी भरताना मी मुद्दाम जोर लावायचे.

संक्रांतीला मी नवसाबाईच्या ओट्यावर बसले. तिच्या थंडगार डाव्या हातावर बांगडी चढवताना काच फुटली आणि मनगटात रुतली. रक्त आलं. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"मला काय इचारतीस? त्यो हात माझा नाय, गोदीचा हाय."

गोदी अंगणात पाठमोरी बसून फुलं निवडत होती. हातातलं फूल टाकून तिनं रिकामी बाही छातीशी घट्ट धरली.

"सलिमाचाची, हळू भर की," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "काच टोचली."