उमाबाईंचा कडू घास

एन-सात वसाहतीतल्या गल्लीत उमाबाईंच्या पिठल्याशिवाय माणूस धड मरतही नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. ज्या घरातून प्रेत उठलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. कडू घास म्हणून शेजारी पिठलं-भाकरी नेतात. गल्लीत तो मान उमाबाईंचा. वाढता वाढता त्या म्हणायच्या, "मनात येईल ते येऊ द्या हो, कोंडू नका." दुसऱ्याला सांगायला काय जातं!

तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले केशवराव गेले. माणसं स्मशानातून परतली आणि नवऱ्याच्या दुःखात बसलेल्या उमाबाई सवयीनं उठल्या. गॅस पेटवला, बेसन कालवायला घेतलं.

लेक सई धावत आली. "आई, अगं, सुतक आपल्याच घरचं आहे!"

उमाबाई ओशाळल्या. सकाळपासून डोळ्यांत टिपूस नाही, आणि आता हे! "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," कुणीतरी पुटपुटलं. पाषाण कसला! त्यांना आतून हलकं वाटत होतं आणि त्याचीच लाज जाळत होती. रडू यावं म्हणून त्यांनी लग्नातले केशवराव आठवले, स्कूटरवरचे आठवले. काही उपयोग झाला नाही.

समोरच्या घरातल्या, मूळच्या कन्नड तालुक्यातल्या साळूबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांनी उमाबाईंना आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

"साळूबाई, मला सुटल्यासारखं वाटतंय हो. मी कसली बायको?"

"तीन वरसं उचलायचं-धुवायचं केलं. सुटल्यावानी वाटणार नाय तर काय?" साळूबाईंनी घास पुढं केला. "तुमीच सांगता ना समद्यांना, मनात येईल ते येऊ द्या म्हणून? मंग सवताला का नाय? खा."

उमाबाईंनी खाल्लं. मग तिथंच, केशवरावांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून भर दुपारी झोपल्या. बाहेर पाहुणे बसले होते. म्हणोत काय म्हणायचं ते.

जाग आली ती दचकून. केशवरावांना कुशीवर वळवायची वेळ टळून गेली होती. "आले हो, आले," म्हणत त्यांनी घाईनं खाटेवर हात घातले. गादी सकाळीच उचलून नेलेली. हात फळीवर आपटले.

तेव्हा कुठं हंबरडा फुटला. सईनं धावत येऊन त्यांना कवेत घेतलं. ते मघाचं हलकेपण अजून आत होतंच. उमाबाईंनी ते राहू दिलं.

"आता कुणाला वळवू गं?" त्या लेकीला विचारत राहिल्या.