दादाची टीम मी सांभाळली

आमच्या वाडीतले तेव्हाचे पोरगे आता बाप झालेत, पोटं सुटलीत त्यांची, पण मी माहेरी गेले की अजून विचारतात, "काय गो, तुझी टीम आता खंय आसा?" आणि एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे. मी तेव्हाही त्यांना घाबरले नाही आणि आता तर प्रश्नच नाही. मी दादाची टीम बुडवली असं जे मालवणात सांगितलं जातं ते साफ खोटं आहे, आणि ते खोटं का आहे ते मी एकदा बैजवार सांगणार आहे.

माझा दादा बोटीवर कामाला होता. पप्पा आम्ही लहान असतानाच गेले, घरात मी आणि मांय. पहिल्या फेरीहून परत येताना दादाने गोव्यातून कॉम्प्युटर आणला आणि हॉलमध्ये ऑल्ताराच्या खालच्या टेबलावर मांडला. वर येशू, खाली मॉनिटर. त्याच्यासोबत एक सीडी होती, फुटबॉलच्या गेमची. वाडीतले सगळे पोरगे चपला दारात टाकून धावत आले आणि थोड्या वेळाने निम्मे तोंड वाकडं करून परत गेले. कारण त्या गेममध्ये लाथ मारायलाच नव्हती. मैदान नाही, चेंडू नाही, नुसती नावं आणि आकडे. तुम्ही मॅनेजर. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोणाला विकायचं, रुसलेल्याची समजूत कशी काढायची, एवढंच तुमच्या हातात. मॅच सुरू झाली की पडद्यावर एकेक ओळ उमटणार: अमक्याने चेंडू पुढे दिला, तमक्याने अडवला. आणि तुम्ही ती ओळ वाचून कपाळावर हात मारणार.

जे राहिले ते मात्र कायमचे राहिले. सीडीच्या कॉप्या झाल्या, माझ्या मावसभावाकडे एक गेली, बाजारातल्या सायबर कॅफेत एक गेली. हा गेम दरवर्षी नवा निघायचा आणि दरवर्षी आमचे पोरगे म्हणायचे, "जुनोच बरो होतो." नव्यात बटणं जास्त, नव्यात खेळाडू लवकर म्हातारे होतात, नव्यात कॉम्प्युटर चोर. चोर तर तो सगळ्याच आवृत्त्यांमध्ये होता. जिंकलं की आपण हुशार, हरलं की कॉम्प्युटर चोर. मावसभावाचं तर ठाम मत होतं की कोण जिंकणार ते मशीन आधीच ठरवून बसलेलं असतं. मग खेळतोस कशाला मेल्या, असं विचारलं की पुढची मॅच लावायचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे 'मागे जाणं'. मॅचच्या आधी गेम सेव्ह करून ठेवायचा, हरलं की बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि तीच मॅच पुन्हा खेळायची. जिंकेपर्यंत. हरल्यावर सेव्ह केलं की मात्र मागची वाट बंद. हे सगळेच करायचे आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही. वर छाती काढून सांगायचे की आपण कप जिंकला. लगोरीत असं केलं असतं तर याच पोरांनी "रडी खातां, रडी" म्हणून ओरडून वाडी डोक्यावर घेतली असती. मग इथे ती रडी नव्हती का? मी म्हटलं, आहे. मी त्याला रडीच म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि म्हणून मी कोणाची लाडकी नव्हते.

माझं मत विचाराल तर हा गेम मुळात बायकांचा आहे. पोरग्यांना त्यात काय एवढं नवल वाटायचं देव जाणे. कोण दमलाय, कोण तोंड फुगवून बसलाय, कोणाला आज पुढे करायचं आणि कोणाला गोड बोलून मागे ठेवायचं, हे आमची मांय घरच्या प्रत्येक लग्नात आणि चर्चच्या फेस्ताला करत आली. तिला कोणी मॅनेजर म्हटलं नाही.

दादाने विलायतेतला सगळ्यात खालच्या फळीतला एक क्लब घेऊन तो पहिल्या डिव्हिजनपर्यंत चढवला होता. तो कधी मागे गेला नाही असं तो सांगायचा. आम्ही ऐकून घ्यायचो. पुढच्या फेरीला निघताना त्याने सायबर कॅफेत जाऊन सेव्ह केलेल्या त्या टीमची सीडी बनवून आणली, मांयच्या लोखंडी कपाटात चादरींच्या घडीत ठेवली, आणि बॅग उचलता उचलता मला म्हणाला, "माझी टीम सांभाळ हां गो."

मी सांभाळली. तो बोटीवर चढला त्याच आठवड्यात मी खुर्चीत बसले आणि टीम हातात घेतली. पुढे सगळ्यांनी मला समजावलं की सांभाळ म्हणजे कॉम्प्युटरवर मांयने विणलेला रुमाल टाक आणि कोणाला हात लावू देऊ नकोस, असं त्याला म्हणायचं होतं. असेल. मग तसं म्हणायचं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांभाळतात, पोरं सांभाळतात, गुरं सांभाळतात, आणि त्यातलं काहीही रुमालाखाली झाकून सांभाळता येत नाही.

टीम बघितली तर सगळे घोडे म्हातारे. दादाचा लाडका गोल मारणारा होता, त्याला तर आम्ही 'म्हातारो'च म्हणायचो. धावायचा नाही, बसवला की रुसायचा, आणि त्याचं बघून बाकीचेही रुसायचे. मी त्याला विकला. वाडीत बोंब उठली. मावसभाऊ सायकल टाकून धावत आला.

"म्हाताऱ्याक विकलंस? दादा तुका जित्ती सोडूचो नाय."

"येऊ दे त्याका," मी म्हटलं.

मग मी क्लबच्या शाळेतले कोवळे पोरगे वर आणले. एकाचं नाव इतकं लांब होतं की पडद्यावर मावायचं नाही, तो 'लांबडो'. आकडे बघितले तर लांबड्याला कोणी दारात उभा केला नसता, पण तो कधी रुसला नाही आणि कधी दमला नाही. हरत होतो आम्ही, खोटं कशाला बोलू. पण मला मजा येत होती. तशी मजा मला त्याआधी कशातच आली नव्हती. कॉलेजातून घरी यायचं, भात टाकायचा आणि टीम लावायची. हळूहळू मांयसुद्धा कांदा चिरता चिरता विचारायला लागली, "आज काय केल्यानी गो तुझ्या पोरांनी?" हरले म्हटलं की चकचक करायची. एकदा तर चॅपलात मेणबत्ती लावून आली. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, "त्या लांबड्यासाठी. पाय दुखावलो म्हणालंस मां."

हंगामाची शेवटची मॅच आली. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये टिकणार, हरलो तर खाली. अख्खी वाडी हॉलमध्ये. लांबड्याने गोल मारला, आम्ही पुढे, शेवटच्या ओळी उमटत होत्या, आणि लाईट गेली.

परत आली तेव्हा मशीनला काही आठवत नव्हतं. मॅच खेळलीच नव्हती त्याच्या लेखी. पुन्हा खेळावी लागली, खेळले आणि हरले. टीम खाली गेली.

"मागे जा," मावसभाऊ म्हणाला. "जिंकलेली मॅच ती. लाईट गेली तो काय तुझो दोष? ही रडी नाय."

सगळे तेच म्हणाले. ज्यांनी जन्मभर रडी खाल्ली ते मला न्याय शिकवायला लागले. मी म्हटलं, पुरी झाली नाही ती मॅच जिंकलेली कशी? मासळी टोपलीत पडली की आपली. आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटत होतं, पण त्यांच्यासमोर मी रडले नाही. "माका रडी खावची नाय," एवढं बोलले आणि दुसरा हंगाम सुरू केला.

मग दादाचा कुठल्यातरी बंदरातून फोन आला, आणि मांयने भोळेपणाने सांगून टाकलं की टीम खाली गेली. दादाने मला फोनवर बोलावलं. मला वाटलं शिव्या घालणार. तो शांतपणे म्हणाला, "कपाटातली सीडी आसा मां?"

"आसा."

"मग हरकत नाय. मी इलो काय जुनी टीम घालतंय."

शिव्या परवडल्या असत्या. हरकत नाय म्हणे. म्हणजे मी घडवलेले पोरगे, त्यांची दुखणी, त्यांची रुसणी, सगळं एका सीडीने पुसून तो निघून गेला होता त्या दिवसावर मशीन नेऊन ठेवणार. तो बोटीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि इथे मी रोज केलेलं ते काहीच नाही. कॉम्प्युटर त्याचा, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. माझ्या टीमचं आयुष्य त्याच्या सुट्टीपर्यंतच. ती तेवढ्यात वर चढवून दाखवायची, एवढंच माझ्या हातात होतं, आणि मी जिवाचं रान केलं.

पाऊस संपता संपता दादा आला. तेव्हा आम्ही वर जायच्या उंबऱ्यात होतो, हंगामाची एकच मॅच बाकी होती, ती मारली की पुन्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये. जेवण झालं, वाडी जमली, दादाने सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि मला म्हणाला, "हाड ती सीडी."

मी आणली. चादरीतून काढली तर तिच्यावर पांढऱ्या बुरशीची नक्षी उठलेली. समुद्राकाठच्या पावसात भिंती सुटत नाहीत तिथे सीडी कुठली सुटायला. दादाने बनियनने पुसली. मावसभावाने टूथपेस्ट लावून चोळली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं आणि म्हणालं, वाचता येत नाही. सगळं वर्ष ज्या सीडीच्या जोरावर सगळे मला शहाणपण शिकवत होते, ती केव्हाच संपली होती.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुका सांभाळूक सांगलेलंय, चालवूक नाय," तो म्हणाला.

"आणि तू चादरीत ठेवलंस ता सांभाळलेला काय?" मी म्हटलं. "माझी टीम जिती आसा. तुझी कुसली."

मांय दारात येऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सीडी चलली असती तर ह्या पोरांक खंय धाडतलो होतंस रे?" दादाला आधी कळेचना ती कुठल्या पोरांबद्दल बोलते आहे. कळलं तेव्हा त्याने तिच्याकडे असं बघितलं की मला त्याची थोडी कीव आली. त्याला वाटत होतं की तो नसताना घर तसंच त्याची वाट बघत उभं राहतं.

मग तो माझ्या खुर्चीत बसला. "बरा तर मग. हीच टीम चालवतंय," म्हणाला आणि नावं वाचायला लागला. एकही ओळखीचं नव्हतं. लांबड्यापाशी थांबला, आकडे बघून हसला. "ह्याका बसवतंय."

"तो बसूचो नाय."

"टीम माझी आसा."

"तुझी त्या सीडीत होती," मी म्हटलं. "ही माझी. उठ."

दादाने वाडीतल्या पोरग्यांकडे बघितलं. कोणीतरी हसेल, कोणीतरी त्याच्या बाजूने बोलेल म्हणून तो थोडा वेळ थांबला असावा. मावसभाऊ जमिनीकडे बघत होता. दादा उठला.

मी बसले, लांबड्याला पुढे लावला आणि मॅच सुरू केली. ओळी उमटत गेल्या. पहिला गोल आम्ही मारला, मांयने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग त्यांनी एक मारला आणि अगदी शेवटी अजून एक. आम्ही हरलो. लाईट होती, पंखा फिरत होता, सगळी वाडी माझ्या हाताकडे बघत होती, आणि गेम बंद करून पुन्हा उघडायला एक क्षण लागला असता. दादा हळूच म्हणाला, "मागे जा गो. कोण काय म्हणूचो नाय."

मी सगळ्यांच्या देखत सेव्ह केलं.