मंकी पाना आणि चार मतं

ऐंशीच्या दशकात मी फौजेच्या एका वर्कशॉपमध्ये व्हेइकल मेकॅनिक होतो. रँक नायक. मूळ गाव पालघरजवळचं कोळगाव. त्या हिवाळ्यात आमच्या एका छोट्या तुकडीला वाळूत गाड्या चालवण्याच्या ट्रायलसाठी समुद्रकिनारा हवा होता. साहेबांनी मला विचारलं. मी एडवणचं नाव सांगितलं. नोकरी लागल्यापासून घराच्या इतक्या जवळ मी कधी पोस्टिंगवर आलो नव्हतो.

कॅम्प सुरूच्या झाडांत होता. सकाळी पीटी, चहा, फॉलइन. मग दिवसभर गाड्या वाळूत घालायच्या, रुतल्या की काढायच्या आणि संध्याकाळी खाऱ्या पाण्यानं भिजलेले पार्ट डिझेलनं पुसायचे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही, त्यामुळे आमचे हात कायम तेलकट असत.

तुकडीचा प्रमुख होता हवालदार बलकारसिंग. उंच, कमी बोलणारा, पण वादाला बसला की उठत नसे. दुसरा लान्स नायक शिवन्ना, कर्नाटकातला, किनाऱ्यालगतच्या गावचा. आमचं बोलणं हिंदीत चाले. इथे मराठीत सांगतो.

आमच्यात एक जुना वाद होता. मंकी पान्याचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा एक जड पाना. त्याचा एक जबडा पक्का असतो, दुसरा स्क्रू फिरवून मागेपुढे करता येतो. त्यामुळे एकच पाना वेगवेगळ्या मापांच्या नटांना चालतो. त्याला मंकी का म्हणतात, हा आमचा प्रश्न.

बलकारसिंग म्हणे, "हा पाना बनवणारा कुणी साहेब होता. त्याचं नाव काहीतरी मंकीसारखं. कारागिरांनी त्याचं माकड केलं."

शिवन्नाला ते मान्य नव्हतं. "साहेब कुठला आला? जबडा दांड्यावर वर चढतो, खाली उतरतो. माडावर माकड चढतं तसा. बघितलं की कळतं."

माझं मत तिसरं. पालघरच्या शाळेत आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की संस्कृतात हनू म्हणजे जबडा. म्हणून हनुवटी, म्हणून हनुमान. या पान्यात जबड्याशिवाय आहे काय? आपल्याच कुणा लोहारानं त्याला हनुमान म्हटलं असेल, गोऱ्यानं त्याचं मंकी केलं असेल.

"पुराव्याशिवाय बजरंगबलीला मध्ये आणू नकोस," बलकारसिंग म्हणे. मग चहा येई आणि वाद दुसऱ्या दिवसावर जाई.

ट्रायलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी एक वन-टन गाडी भरतीच्या रेषेच्या आत रुतली. मागची चाकं खाली गेली. जॅक फळीवर ठेवून मागचा भाग उचलला आणि चेन अडकवायला शिवन्ना खाली शिरला. फळीखालची वाळू सरकली. जॅक आडवा झाला, गाडी बसली. स्पेअर व्हीलच्या ब्रॅकेटखाली त्याचा पाय घोट्याच्या वर अडकला.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "उस्ताद, पाय."

मी रेडिओ घेतला. "कॅम्प, मी बीच पार्टी. एक माणूस गाडीखाली अडकला आहे. विंच गाडी आणि नर्सिंग असिस्टंट पाठवा. ओव्हर."

"बीच पार्टी, विंच गाडी केळव्याकडे गेली आहे. परत बोलावतो. वेळ लागेल. ओव्हर."

भरती सुरू झाली होती. आम्ही वाळू उपसत होतो, पाणी तेवढीच वाळू परत आणत होतं.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतली माणसं धावत आली. पुढे जानकीबाय नावाची एक बाई होती. मासळी सुकवायच्या कामावरून तशीच उठून आलेली. मागे तिचा मुलगा काशिनाथ आणि चारसहा खलाशी. आम्ही गाडी पुढे ओढायला दोर बांधत होतो. तिनं मला मराठीत सुनावलं.

"वडू नका. पोराचा पाय जाईल. आदी ओंडके घाला, नायतर गाडी अजून बसंल."

होड्या वर ओढताना खाली घालायचे ओंडके काशिनाथनं आणले. त्यांनी ते चॅसीखाली ठोकून बसवले. गाडी खाली जायची थांबली. आता ब्रॅकेट सोडवला तर पाय सुटणार होता. पण नटांचे कोपरे गंजून गोल झाले होते. मापाचा पाना नुसता फिरत होता.

बलकारसिंग पाण्यात आडवा झाला आणि गाडीखाली गेला. "मंकी दे," म्हणाला. मी दिला.

पाणी शिवन्नाच्या छातीला लागलं. काशिनाथनं त्याचं डोकं वर धरलं होतं. शिवन्नाचे डोळे मिटायला लागले. खालून बलकारसिंगचा आवाज आला.

"शिवन्ना, झोपायचं नाही. सांग, नाव कुठून आलं?"

"माकड, उस्ताद."

"कसं?"

"चढतं."

"कुठे चढतं? नीट सांग. साहेबाचं नाव होतं ते."

"नाही. माडावर चढतं."

पहिला नट सुटला. दुसऱ्यावर बलकारसिंगचा हात दोनदा निसटला. पाणी शिवन्नाच्या गळ्यापर्यंत आलं. मी नुसता दोर धरून उभा होतो. माझ्याकडे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"उस्ताद," शिवन्ना म्हणाला, "तुमचं चूक आहे."

"बरं. तुझंच खरं."

"सगळ्यांसमोर म्हणा."

"सगळ्यांसमोर म्हणतो. आता श्वास धर."

दुसरा नट सुटला, ब्रॅकेट कलला, आणि खलाशांनी शिवन्नाला ओढून बाहेर काढलं. हाड मोडलं होतं, पाय शाबूत होता. तोवर पोचलेल्या नर्सिंग असिस्टंटनं पायाला लाकडी पट्ट्या बांधल्या. बलकारसिंग वाळूवर बसून हात झटकत होता. बोटांची सालटी निघाली होती.

जानकीबायनं सगळ्यांना चहा केला. पाण्यात हे लोक कशावरून भांडत होते, असं तिनं विचारलं. मी तिला तिन्ही मतं सांगितली. तिनं पाना हातात घेऊन पाहिला.

"वांदरानं एकदा धरला का सोडत नाय," ती म्हणाली. "म्हनून नाव पडला असंल."

मी ते हिंदीत सांगितलं. बलकारसिंग हसला. निघताना त्यानं तिला वाकून नमस्कार केला आणि बायको-मुलींना समुद्र दाखवायला आणीन म्हणाला.

शिवन्ना बरा होऊन ड्यूटीवर परतला. मी मुदत संपल्यावर पेन्शन घेऊन बोईसरला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. काम चांगलं होतं, घर जवळ होतं. शिफ्टमधली उत्तरेकडची पोरं मंकी पान्यावरून वाद घालत, आणि मी त्यांना चार मतं ऐकवी. पाचवं मत कुणी ना कुणी काढीच.

बलकारसिंगची बातमी मला शिवन्नानं कळवली. सीमेवर एका चौकीसमोर बंद पडलेली अॅम्ब्युलन्स ओढून आणायला तो गेला होता. गाडीला दोर लावला, तेवढ्यात तोफेचा गोळा पडला. गाडीतली माणसं वाचली, तो नाही.

पुढच्या सुट्टीला मी एडवणला गेलो. जानकीबाय आता थकली होती. मला पाहताच म्हणाली, "तुजा सरदार कवा येनार? बायको-पोरींना आननार होता."

मी सांगितलं. तिनं विचारलं, "पोरी केवड्या हायेत?"

"दोघी शाळेत आहेत."

तिनं काशिनाथला हाक मारली. "उद्या होड्या नको काडू. सगळ्यांना सांग."

काशिनाथनं कारण विचारलं नाही. त्यानं आमचं बोलणं ऐकलं होतं. जानकीबाय माझ्याकडे वळली. "आपल्या वस्तीतला कोन गेला का आमी दर्यात जात नाय."

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी भरती आली आणि ओसरली. एडवणच्या सगळ्या होड्या वाळूवर होत्या.