मामांचं घर आईच्या नावावर

वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आई आणि मी रत्नागिरीत एका नातेवाइकांच्या पडवीत राहिलो, मग दुसऱ्यांच्या. गोणपाटाच्या पडद्याआड आमची चूल. घरची बाई सकाळी अंगणात उभी राहून शेजारणीला ऐकवायची, "आमच्या पाहुण्यांचा मुक्काम यंदा तरी हलतो का बघूया." आई काजू सोलायला कारखान्यात निघून जाई. चिकाने तिची बोटं कायमची काळी पडली होती.

आईचे थोरले भाऊ, माझे मामा, बहरीनला शिंपी होते. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीन नावाच्या वेशीमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. मामी लवकर वारली, मूलबाळ नाही. वर्षानुवर्षं साठवून त्यांनी रत्नागिरीत बाजारालगत घर बांधलं. खाली दुकानाचा गाळा, वर राहायला खोल्या. आईला म्हणाले, "आता तू इथे राहा. कोणाचं ऐकून घ्यायला नको." माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्यांनीच भरली. आमच्या दोन्ही घराण्यांत बी.कॉम. झालेली मी पहिली. हे मी तेव्हाही सांगत असे, आजही सांगते.

लग्नानंतर मीही बहरीनला आले. गुदैबियात बिऱ्हाड थाटलं आणि मनामातल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये लागले. शुक्रवारी मामा आमच्याकडे जेवायला.

ऐंशी सालच्या आसपास आमच्याच इमारतीतले साताऱ्याकडचे एक गृहस्थ अचानक गेले. पुढे कळलं की त्यांच्या बायकोला गावाकडचं राहतं घर विकावं लागलं. त्या काळी आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर सरकार कर घेई. इस्टेट ड्यूटी म्हणत. कर रोख भरायचा, आणि त्या बाईकडे रोख काहीच नव्हतं. त्याच सुमारास मामांच्या छातीत दुखलं, चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले.

मी हिशेब मांडला. बाजारातल्या जागांचे भाव भलतेच चढले होते. मामांचं घर आणि बाजूचा त्यांचाच प्लॉट मिळून करमाफीच्या मर्यादेच्या बाहेर जात होते. मामांनी सगळं जमिनीत घातलेलं, बँकेत जेमतेम. म्हणजे त्यांच्यामागे आईवर घर विकायची पाळी. मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

"मामा, घर आत्ताच आईला बक्षीस द्या," मी शुक्रवारी पान वाढतानाच म्हटलं.

"का गं बाय? मी काय उद्या चाललोय?"

"उद्या गेलात तर उपयोग नाही. दिल्यावर दोन वर्षं जगावं लागतं, नाहीतर घर तुमचंच धरतात."

मामांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "बघा! लोक म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघतात, ही मला मुदत देतेय."

सुट्टीवर गेलो तेव्हा रत्नागिरीच्या वकिलांना भेटलो. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. घरात राहायचा हक्क बक्षीसपत्रात लिहून ठेवायचा नाही. आणि गाळ्याचं भाडं त्या दिवसापासून बहिणीनेच घ्यायचं. देणाऱ्याने दिलेल्या वस्तूचं उत्पन्न खाल्लं तर ते देणं खरं मानत नाहीत.

मामा उखडले. "माझ्या घरात राहायचा मला हक्क नाही?"

"राहा की," वकील म्हणाले. "बहीण आहे, हाकलणार नाही. फक्त हक्क म्हणून लिहू नका."

आई वेगळ्याच काळजीत. "दादा, लोक म्हणतील बहिणीने भावाला लुबाडलं."

"लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तू सही कर," मामा म्हणाले, आणि स्वतःची सही तिच्याआधी ठोकली. बक्षिसावरचाही कर होता. तो मामांनी पुढच्या वर्षभरात शिलाईच्या पैशातून फेडला.

मला वाटलं, काम झालं. पण बहरीनला परतल्यावर एका संध्याकाळी ऑफिसमधून सुटून मी मामांच्या दुकानात गेले, तर रत्नागिरीच्या आमच्या गाळ्यातल्या भाडेकरू वाण्याचा धाकटा भाऊ समोर उभा. हा मुहर्रकला विमानतळावर ड्रायव्हर होता. त्याने दिनारच्या नोटा मामांच्या हातात ठेवल्या आणि "यल्ला मामा, येतो," म्हणून निघाला.

"हे कसले?"

"गाळ्याचं भाडं," मामा सहज म्हणाले. "हा मला इथे देतो, तिकडे वाणी तेवढेच रुपये ह्याच्या बायकोला देतो. पहिल्यापासून असंच आहे. मनीऑर्डर नको, काही नको."

"म्हणजे आईला भाडं मिळालंच नाही?"

"तिला लागेल तेवढं मी पाठवतोच की!"

मी त्या ड्रायव्हरला गल्लीतून परत बोलावलं. नोटा मामांच्या हातातून घेऊन त्याच्या खिशात कोंबल्या. "दादा, हे खलास. उद्यापासून तुमच्या भावाने भाडं आमच्या आईच्या हातात द्यायचं, रत्नागिरीत, तिच्या नावाच्या पावतीवर."

तो मामांकडे बघायला लागला. मामा कात्री खाली ठेवून म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? मालकीण तिकडे आहे, आणि तिची वकीलीण ही उभी आहे."

रागाने दोन शुक्रवार ते जेवायला आले नाहीत. मी डबा दुकानात नेऊन ठेवत होते. तिसऱ्या शुक्रवारी आले. मधल्या काळात मी वकिलांना पत्राने विचारलं होतं, त्यांचं उत्तर मामांना वाचून दाखवलं. भाडं आईकडे सुरू झाल्यापासून दोन वर्षं नव्याने धरायची होती.

"म्हणजे आधीचं माझं जगणं फुकट?"

"फुकट. आता सिगरेट बंद, लोणचं बंद, आणि दर महिन्याला डॉक्टर."

"अगं, आता मरायलासुद्धा तुझी परवानगी?"

"लागेल."

ते हसले आणि खिशातलं सिगरेटचं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यानंतर सुट्टीवर गेले की घरात खिळा ठोकायचा झाला तरी आईला हाक मारून विचारत. "मालकीणबाई, चालेल ना?" आई चिडायची. त्यांना तेच हवं असायचं. पण गाळ्याच्या पायरीवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. वाण्याने चहाला बोलावलं तरी रस्त्यावरूनच हात करत.

मुदत उलटून काही महिने झाल्यावर मामा गेले. दुकानात, दुपारी, कापड बेतताना. त्या दिवशी मला मुदत आठवलीही नाही. ती आठवली आईला इस्टेट ड्यूटीच्या कचेरीत बोलावणं आलं तेव्हा.

मी रजा काढून गेले, पण अधिकाऱ्याने मला बोलूच दिलं नाही. आईलाच विचारलं, "गाळ्याचं भाडं कोण घेतं?"

"मी घेते. माझ्या हातात. माझा भाऊ तिकडे फिरकतसुद्धा नव्हता," आई म्हणाली. एवढं मोठ्याने बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते.

पुढे सरकारने ती ड्यूटीच काढून टाकली. ओळखीचे म्हणाले, उगाच जिवाचा आटापिटा केलास. मामा त्याआधी गेले होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मामांच्या मालमत्तेत घर धरलं गेलं नाही. प्लॉट आणि बँकेतली शिल्लक माफीच्या मर्यादेत बसली. इस्टेट ड्यूटीचा एक पैसाही भरावा लागला नाही, काही विकावं लागलं नाही, आणि घर आईच्या नावावर राहिलं.