आउट कसं?

नातीसाठी घेतलेला शटलचा डबा उघडला आणि पिसांच्या वासानं मला हिंदी मुलखातल्या पिपलानी वसाहतीतलं आमच्या क्वार्टरसमोरचं मैदान आठवलं.

धाकटा भाऊ तापानं गेल्यापासून आई कुणाशी बोलतच नव्हती. एका संध्याकाळी शेजारच्या मिश्रा आंटींनी तिच्या हातात रॅकेट दिली. "भाभी, बस एक गेम."

आई पदर खोचून मुकाट्यानं खेळू लागली. तिनं मारलेलं शटल चुन्याच्या रेषेवर पडलं.

"आउट!" आंटी म्हणाल्या.

"आउट कैसे? लाइन पे गिरा है, मतलब अंदर है!" आई ओरडली.

आता भांडण होणार म्हणून मी घाबरले. आंटींनी मात्र जाळीखालून येऊन आईला मिठी मारली, आणि दोघी रडत राहिल्या.

आज वाटतं, शटल आत पडलेलं आंटींना नक्की दिसलं होतं.