पाचव्या दिवशीचं गाढव

तो जुना विनोदी सिनेमा टीव्हीवर लागला की माणसं अजूनही हातातलं काम टाकून बसतात. जनावरांचा एक डॉक्टर, त्याने घरमालकापासून लपवलेल्या दोन बकऱ्या, एक बदक, एक डुक्कर आणि न्हाणीघरात कोंडलेलं गाढव, एवढीच काय ती गोष्ट. पण गाढव ओरडतं आणि डॉक्टर ‘मला सर्दी झालीय’ म्हणून वेळ मारून नेतो, तिथे हसून हसून पोट दुखायचं राहत नाही. त्या सिनेमातलं एकही जनावर स्वतःच्या आवाजात ओरडलेलं नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सगळे आवाज एका बाईने काढले, आणि नामावलीत तिचं नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. विसरण्याच्या कामात सिनेमावाल्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

स्टुडिओत तिला बाळबाई म्हणत, कारण पडद्यावरची सगळी तान्ही बाळं तिच्याच गळ्यातून रडायची. चित्रीकरणाला आणलेलं गाढव अबोल निघालं. त्याला गाजरं चारून झाली, हाता-पाया पडून झालं, गाढव ढिम्म. शेवटी बाळबाईला बोलावलं. तिने आवाजाशिवाय नुसतं चित्र दहादा लावायला सांगितलं आणि गाढवाच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे पाहत बसली. गाढव अर्धं ओरडतं श्वास आत घेताना आणि अर्धं सोडताना. त्याच्या पोटाबरोबर आपलं पोट हललं, की आवाज आपोआप येतो. जन्मभर ती अशीच काम करत आली. आधी श्वास, मग आवाज.

आता अडुसष्टाव्या वर्षी तिचा घसा बसला तो बसलाच. तपासलं तर स्वरतंतूवर गाठ. गाठ साधी होती, काढून टाकली. पण घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. जखम उघडली, तर आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही.”

बाळबाई घाबरली ती निराळ्याच कारणाने. तिला स्वतःच्या आवाजाचं फारसं कौतुक नव्हतं. तिच्या नवऱ्याची दृष्टी अकरा वर्षांपूर्वी गेली होती. पायरी आली, चहा उजव्या हाताला ठेवलाय, आज निळा सदरा घातलात, वर्तमानपत्रात अमुक छापून आलंय, असं त्याचं सगळं जग ती बोलून उभं करायची. पाटीवर लिहून दाखवावं, तर ते लेकीसाठी. त्याला काय दाखवणार? आवाज गेला, तर ती त्याच्या शेजारी बसूनही घरात नसल्यासारखीच.

दोघांनी टाळ्यांची भाषा ठरवली. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नवरा मग दिवसभर प्रश्न विचारत सुटला. “आभाळ आलंय का? तू जेवलीस का? माझ्यावर रागावलीस का?” शेवटच्या प्रश्नाला ती मुद्दाम एकच टाळी वाजवायची.

चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी दुपारी मदतीला आलेल्या लेकीने टीव्ही लावला. “आई, तुझा सिनेमा लागलाय गं!” म्हणाली आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. बाळबाई नवऱ्याच्या शेजारी बसून पाहू लागली. घरमालक जिना चढला. न्हाणीघराचं दार हललं. गाढवाचं पोट फुगू लागलं आणि तिचंही फुगलं. पुढचं सगळं तिच्या हातात राहिलंच नाही. पडद्यावरच्या गाढवाबरोबर तीही ओरडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता, लेकीला काही कळलं नाही. नवरा पडद्याच्या दिशेने तोंड करून तसाच बसला होता. तो एवढंच म्हणाला, “बंद कर आता.”

पुढचे तीन दिवस वैऱ्यावर येऊ नयेत असे गेले. ती दर तासाला आरशासमोर आ करून विजेरीचा झोत टाकायची. काही दिसायचं नाही, आणि दिसत नाही म्हणून भीती आणखी वाढायची. आवंढा गिळताना टोचलं, की वाटायचं, उघडली जखम. लेकीला सांगायची छाती होईना. रडूही येत होतं, पण रडण्याने घशाला ताण पडेल म्हणून तेही गिळलं. त्यात नवऱ्याचे प्रश्न बंद झाले. तो नुसता मान किंचित कलती करून बसून राहायचा. बघता बघता माझ्यावाचून राहायची सवय झाली यांना, असं तिच्या मनाने घेतलं, आणि ती भीती घशाच्या भीतीहून मोठी झाली.

आठव्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. बाळबाईने पाटीवर लिहिलं आणि पाटी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी नेमकं ते मोठ्याने वाचलं. “पाचव्या दिवशी मी ओरडले. गाढवासारखी.”

“आई!” लेक किंचाळली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. घशात नळी घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. “थोडी सूज आहे,” त्या म्हणाल्या. “जखम उघडलेली नाही. नशीब बलवत्तर तुमचं. बोला आता, हळूच.”

बाळबाईचं तोंड उघडेना. जोवर बोलली नव्हती, तोवर आवाज असण्याची आशा तरी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता.

“अहो,” ती म्हणाली. आवाज खरबरीत, निम्म्यात तुटलेला, पण तिचाच.

“आलो गं,” तो म्हणाला. हातभर अंतरावर बसला होता, तरी म्हणाला.

“त्या दिवशी... कळलं होतं तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? सिनेमात गाढव एकच आहे. त्या दिवशी दोन ओरडली, आणि त्यातलं एक माझ्या डाव्या हाताला बसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत? तीन दिवस जीव मुठीत धरून होते मी.”

“बोललो असतो, तर तू उत्तर दिलं असतंस.” त्याने चाचपडत तिचा हात शोधला. “मीही घाबरलो होतो गं. तीन दिवस तोच आवाज मनात घोळवत बसलो होतो. म्हटलं, यापुढे तुझा आवाज ऐकायला मिळालाच नाही, तर निदान तेवढं गाढव तरी नीट पाठ असू दे.”