धरणाच्या भिंतीवरची वाट

नोकरीमुळे माझं थोडंफार परदेशी हिंडणं झालं. तळेगावजवळच्या कारखान्यात होतो, तिथून प्रशिक्षणाला युरोपात धाडलं, आणि पुढे लेक लंडनला गेल्यावर तिच्याकडेही राहून आलो. दहशतवादाला सगळेच देश भितात, पण प्रत्येकाची भिण्याची तऱ्हा निराळी. लंडनच्या स्टेशनावर मी कचऱ्याचा डबा शोधून दमलो आणि शेंगांची टरफलं खिशात घालून घरी आणली. लेक हसली. "बाबा, डब्यात बॉम्ब ठेवतील म्हणून काढून टाकलेत ते." तिथल्या पुलावर गाड्या आणि माणसं यांच्यामध्ये दणकट कठडे घातलेत, पण पायी चालणाऱ्याची वाट कुणी बंद केलेली नाही. दुसऱ्या एका देशात बंदूकवाल्या शिपायाने अख्ख्या रांगेतून नेमकं मलाच बाजूला घेतलं आणि माझी बॅग उपसली. तेव्हा तिकडे सगळं गोडीगुलाबीनं चालतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडे पुण्याच्या मॉलमधली तपासणीची चौकट दिवसभर कोकलते आणि शेजारचा रखवालदार मोबाइलमधून मान वर काढत नाही. आमच्या धरणावर मात्र कुलूप लागलं ते पक्कं लागलं.

आमचं गाव मावळात, धरणाच्या अलीकडे. आत्या दिली ती पलीकडच्या गावात. भिंतीवरून चालत गेलं की चहा निवायच्या आत तिचं घर, आणि रस्त्यानं जायचं तर कामशेतवरून लांबलचक वळसा. लग्नाची आमंत्रणं, बाळंतिणीचे डबे, भांडणं, समेट, सगळं त्या भिंतीवरून चालायचं. मग देशात कुठं कुठं स्फोट झाले आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं आली. गावात कुणी फारशी कुरकुर केली नाही. धरणाला काही झालं तर आधी आपणच वाहून जाणार, हे पोरासोरालाही कळत होतं. शिवाय मयतीला जाणाऱ्या माणसांना रखवालदार सोडायचे.

आत्या सकाळी गेली. तिचा मुलगा मोटारसायकलवरून वळसा घालून निरोप द्यायला आला आणि तसाच माघारी गेला. आमच्याकडे सासुरवाशीण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, आणि ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्या सवाष्ण गेलेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या दुकानातून हिरवं लुगडं घेतलं, पंचात बांधलं आणि मला घेऊन थेट भिंतीची वाट धरली.

फाटकावर नवीन रखवालदार होता. त्यानं गाठोडं सोडायला लावलं. लुगडं बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं साहेबांना फोन लावला, दोनदा विनवलंही. मग म्हणाला, "आबा, वरून अलर्ट आहे. मयत असो, काही असो, कुणालाच सोडायचं नाही म्हणतात. माझ्या हातात असतं तर सोडलं असतं."

"भन हाय माजी," आबा म्हणाले.

पलीकडच्या काठावर जमलेली माणसं आम्हाला दिसत होती. त्या अंगाला फोन लागत नाही. आबांनी एकदा हात वर केला, गाठोडं पुन्हा बांधलं आणि आम्ही गाडी आणायला माघारी वळलो.

आमच्या मुलखात माहेरचे लोक मयतीलाही रुसतात. पाणी विचारलं नाही म्हणून दारातून परत गेलेले भाऊ मी पाहिलेत. त्यात गेल्या लग्नात मानपानावरून आबांची आणि आत्याच्या मालकांची, तात्यांची, धुसफूस झाली होती. आम्ही गाडीने पोहोचलो तेव्हा सरण धडाडून पेटलं होतं.

आत्याचा मुलगा पुढे आला. "मामा, तुमी फाटकावरनं माघारी फिरलेलं समद्यांनी बगितलं. हात बी झटकला. आमाला वाटलं, तुमी रुसून गेला. मग तात्यांनी घरातलंच लुगडं घालाया सांगितलं."

"तिच्या मयतीला रुसू व्हय मी?"

मला रडू फुटलं. राग कुणावर काढायचा हेही कळेना. रखवालदार भला होता, साहेबालाही कुणीतरी सांगितलेलंच असणार, आणि धरण राखायला तर हवंच. एवढ्या मोठ्या भयापुढं एका म्हाताऱ्याचं लुगडं कोण हिशेबात धरणार? पण ज्यांनी ती वाट बंद केली त्यांच्यापैकी एकानं जरी सोबत चालून आबांना पलीकडे सोडलं असतं, तर कुठल्या देशाचं काय बिघडलं असतं?

आबांनी लुगडं सरणावर टाकायला दिलं आणि ते गाडीत येऊन बसले. कामशेत आल्यावर काचेतून बाहेर बघत म्हणाले, "आपल्याला सोडलं न्हाई, ह्ये तुला ठावं, मला ठावं. तिला कोन सांगनार?"